कार्बोरेटरचं बोट इंजिन इथेनॉलवर चालवायचं असेल तर जेट सगळ्यात शेवटी

प्रश्न थोडक्यात असा आहे: बोटीत आत बसवलेलं, कार्बोरेटरवर चालणारं चार-स्ट्रोक पेट्रोल इंजिन आहे. ई-८५ (नावाला ८५ टक्के इथेनॉल, बाकी पेट्रोल) किंवा शंभर टक्के इथेनॉल नियमित मिळण्याची सोय आहे. जेट, म्हणजे कार्बोरेटरमध्ये इंधन मोजून सोडणारी बारीक भोकं, मोठे टाकले की काम होईल का, की आणखी काही बदलावं लागेल?

जेट मोठे टाकले की इंजिन सुरू होईल आणि चालेलही. त्यामुळेच बरेच जण तिथे थांबतात. पण मोटारीत जे खपून जातं ते बोटीत खपत नाही. बोटीचं इंजिन बंद खणात असतं आणि गळलेल्या इंधनाची वाफ बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या पोटातल्या तळाच्या जागेत, साचून राहते. इंजिन तासन्‌तास जवळजवळ पूर्ण ताकदीवर ओढत असतं, उतारावर सोडून दिल्यासारखी उसंत त्याला कधी मिळत नाही. आणि ते बंद पडलं तर बाजूला घेऊन उतरता येत नाही. म्हणून हे काम मी टाकीपासून सुरू करतो आणि कार्बोरेटरपाशी संपवतो. जेट अगदी शेवटी.

हे काम कुणी करू नये ते आधी सांगतो. इंधनात तेल मिसळून चालणारं दोन-स्ट्रोक आउटबोर्ड असेल तर विषय इथेच सोडा. नेहमीचं टू-टी तेल इथेनॉलमध्ये नीट विरघळत नाही, वेगळं होऊन बसतं, आणि क्रँकच्या बेअरिंगपर्यंत वंगण पोचतच नाही. एरंडेलावर आधारलेली तेलं अल्कोहोलमध्ये मिसळतात आणि शर्यतीच्या इंजिनांत वापरलीही जातात, पण ती इंजिनं वारंवार उघडून साफ केली जातात. रोजच्या वापराच्या आउटबोर्डला ते झेपणारं नाही. दुसरी गोष्ट म्हणजे वर्षातून काही आठवडे पाण्यात उतरणारी आणि एरवी झाकून ठेवलेली बोट. तिच्यासाठीही मी नाहीच म्हणेन. इथेनॉलला उभं राहणं मानवत नाही. अशा बोटीच्या इंधनवाहिन्या आणि डायफ्राम, म्हणजे पंपातले रबरी पडदे, इथेनॉल सोसणारे करून घ्या, म्हणजे पंपावरचं मिश्र पेट्रोल तरी त्रास देणार नाही, आणि इंजिन पेट्रोलवरच ठेवा. जी बोट रोज चालते, जिची टाकी दर दोन-चार दिवसांनी रिकामी होते आणि जिला एकाच ठिकाणाहून एकाच प्रतीचं इंधन मिळतं, तिच्यासाठी हा बदल खरोखर चांगला आहे. पुढचं सगळं तिच्यासाठी.

इंधनाचा स्वभाव समजला की बाकीचे बदल आपोआप कळतात. एक किलो पेट्रोल पूर्ण जाळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. ई-८५ ला साधारण ९.८ आणि शुद्ध इथेनॉलला ९ किलो पुरते. म्हणजे इंजिन हवा तेवढीच ओढणार, पण तिच्यासोबत दीडपट किंवा त्याहून जास्त वजनाचं इंधन जायला हवं. एका लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते, इथेनॉलमध्ये सुमारे २१. इथेनॉलची वाफ व्हायला किलोमागे पेट्रोलच्या अडीचपट उष्णता लागते, आणि इंधनच जास्त जात असल्याने हवेच्या दर किलोमागे होणारा थंडावा चौपटीच्या घरात जातो. ऑक्टेन मात्र उत्तम, रिसर्च ऑक्टेन १०८ च्या आसपास. या चार-पाच आकड्यांतच फायदेही आहेत आणि डोकेदुखीही.

आता टाकी. जुन्या बोटींमध्ये हलमध्येच, म्हणजे बोटीच्या सांगाड्यातच, घडवलेल्या फायबरग्लासच्या टाक्या असतात. त्यांतलं साधं पॉलिएस्टर रेझिन इथेनॉलमध्ये मऊ पडून थोडं थोडं विरघळतं, इंधनासोबत वर येतं आणि इनटेक व्हॉल्व्हच्या दांड्यांवर काळा चिकट थर होऊन बसतं. दहा टक्के मिश्रणानेही अशा टाक्या खराब झाल्या आहेत, ८५ टक्क्यांचं तर बोलायलाच नको. अशी टाकी असेल तर ती बदलल्याशिवाय पुढे जाऊ नका, आतून लेप मारून भागवू नका. जस्त किंवा शिसं-कथलाचा मुलामा दिलेली पत्र्याची टाकीही नको. स्टेनलेस चांगली, क्रॉसलिंक पॉलिथिलीन चालते.

ॲल्युमिनियमच्या टाकीबद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण बहुतेक बोटींत तीच असते. कोरडं आणि स्वच्छ इथेनॉल असेल तर ॲल्युमिनियम बराच काळ तग धरतं. पण पेट्रोलमधून वीज जवळजवळ वाहत नाही, इथेनॉलमधून वाहते, आणि त्यात खाऱ्या पाण्याचा अंश गेला की क्षार विरघळून ती आणखी सहज वाहते. टाकीला पितळी फिटिंग थेट लावलेलं असेल तर त्या दोन धातूंमध्ये बॅटरी तयार होते आणि ॲल्युमिनियम खाल्लं जातं. पांढरी, भुसभुशीत पावडर फिटिंगच्या आट्यांभोवती दिसली तर काम सुरू झालंय असं समजा. ॲल्युमिनियमच्या टाकीत स्टेनलेसची फिटिंग वापरा, इंधन भरायच्या तोंडाच्या झाकणाचं रबर नवं टाका आणि व्हेंटचं तोंड लाटांचं पाणी आत शिरणार नाही अशा जागी, हंसाच्या मानेसारखं वळवून घ्या.

टाकीबाबतची सर्वांत महत्त्वाची गोष्ट मात्र डोळ्यांना दिसत नाही. पेट्रोलच्या टाकीतली वरची मोकळी जागा नेहमीच्या तापमानाला वाफेने इतकी भरलेली असते की ती पेटायला पुरेशी हवाच उरत नाही. इथेनॉलचं तसं नाही. शुद्ध इथेनॉलच्या टाकीत साधारण १३ ते ४० अंश सेल्सिअसच्या दरम्यान, म्हणजे आपण बोट चालवतो नेमक्या त्याच तापमानाला, वरची वाफ आणि हवा पेटण्याजोग्या प्रमाणात असतात. म्हणून व्हेंटमध्ये ज्वाला अडवणारी जाळी हवीच. टाकीतला इंधनमापकाचा सेंडर चांगल्या स्थितीत, वायरिंग घट्ट आणि भरताना नोझल तोंडाला टेकलेलं असावं. ई-८५ मध्ये थोडं पेट्रोल असल्याने वाफ जास्त घट्ट असते, पण थंडीत तीही या पट्ट्यात उतरू शकते.

टाकीनंतर पाइप. आतून-बाहेरून कुठलाही जुना रबरी पाइप ठेवू नका. तो चांगला आहे की नाही हे बघायचं असेल तर त्याचा बोटभर तुकडा कापा, उभा चिरा आणि आतला थर नखाने खरवडा. निरोगी थर कडक लागतो आणि नखाला काही येत नाही. इथेनॉलने खाल्लेला थर खरवडला की नखाखाली काळा मळ येतो, कधी कधी पूर्ण सालच सुटून येते. हीच साल पुढे कार्बोरेटरमध्ये येणारं इंधन बंद करणाऱ्या नीडलखाली अडकते आणि कार्बोरेटर ओसंडतो. पाइप तपासायची आणखी एक पद्धत: कोरडं सुती कापड पाइपावरून दाबून फिरवा आणि हुंगा. कापडाला इंधनाचा वास आला तर पाइप पाझरतोय. नवा पाइप घेताना त्यावर एसएई जे१५२७ चा ए१-१५ किंवा आयएसओ ७८४० चा ए१ असा छाप बघा. त्यातलं ए म्हणजे आगीत अडीच मिनिटं टिकणारा. मोटारीचा पाइप कितीही भारी असला तरी इंजिनाच्या खणात लावू नका.

रबराबाबत एक गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. नायट्राइल रबर शुद्ध इथेनॉलमध्ये जेवढं फुगतं त्यापेक्षा पेट्रोल आणि इथेनॉलच्या मधल्या मिश्रणात जास्त फुगतं. म्हणजे अर्धी टाकी पेट्रोल असताना वर इथेनॉल ओतणं हा रबरासाठी सर्वांत वाईट प्रयोग. पंपाचा डायफ्राम, ॲक्सिलरेटर पंपाचा डायफ्राम, नीडलचं टोक, सगळं फ्लोरोइलास्टोमरचं, म्हणजे बाजारात व्हायटॉन नावाने मिळतं त्याचं हवं. कॉर्कचे गॅस्केट आणि पॉलियुरेथेनचे भाग काढून टाका.

फिल्टरबद्दल जरा गैरसमज आहे. पाणी वेगळं करणारा दहा मायक्रॉनचा फिल्टर बोटीत असतोच आणि तो असायलाच हवा, पण इथेनॉलवर तो पाणी पकडेल अशी अपेक्षा ठेवू नका. पेट्रोलमध्ये पाणी तळाशी थेंब होऊन बसतं, म्हणून ते वेगळं करता येतं. इथेनॉलमध्ये ते विरघळून जातं आणि फिल्टरमधून सरळ पलीकडे निघतं. फिल्टरचं काम आता फक्त कचरा अडवणं. आणि पहिल्या काही टाक्यांत कचरा भरपूर येतो, कारण वर्षानुवर्षं पेट्रोलने टाकीच्या भिंतींवर चढवलेला राळेसारखा थर इथेनॉल सोडवून आणतं. पहिली टाकी संपेपर्यंत सोबत दोन-तीन जादा फिल्टर ठेवा आणि किनाऱ्याच्या जवळच चालवा. शक्य असेल तर टाकी आधीच रिकामी करून, तपासणीचं झाकण उघडून, आतून पुसून घ्या.

टाकीतून इंधन इंजिनाकडे निघतं त्या तोंडाशी, ते सायफनने आपोआप बाहेर वाहू नये म्हणून, एक छोटा स्प्रिंगचा व्हॉल्व्ह असतो. आता तासाला ४० लिटरऐवजी ५५ लिटर इंधन त्यातून जाणार आहे, आणि तो पेट्रोलच्या हिशेबाने बसवलेला असतो. तो अपुरा पडला तर पूर्ण थ्रॉटलवर काही मिनिटं इंजिन छान ओढतं आणि मग भुकेलं होतं. दोष कार्बोरेटरचा वाटतो. हा व्हॉल्व्ह काढून टाकू नका, पाइप तुटला तर टाकी बिल्जमध्ये रिकामी होण्यापासून तोच वाचवतो. मोठ्या मापाचा, स्टेनलेसचा बसवा. पंपाचा प्रवाहही मोजून घ्या. बोटीच्या मेकॅनिकल पंपाला दुहेरी डायफ्राम असतो, एक फाटला तरी इंधन बाहेर सांडत नाही. बदली पंपही तसाच हवा.

आता कार्बोरेटर. ई-८५ साठी तयार केलेले शर्यतीच्या मोटारींचे कार्बोरेटर सहज मिळतात आणि मोह होतो. ते बोटीत बसवू नका. बोटीच्या कार्बोरेटरमध्ये फ्लोट चेंबरचे व्हेंट आत घशाकडे, म्हणजे हवा आत जाते त्या नळीकडे, वळवलेले असतात आणि थ्रॉटलच्या दांड्याशी ओघळणारं इंधनही आत ओढलं जाईल अशी रचना असते. नीडल अडकून कार्बोरेटर ओसंडला तर इंधन इंजिनात जातं, बाहेर सांडत नाही. मोटारीच्या कार्बोरेटरमध्ये ते मॅनिफोल्डवरून खाली बिल्जमध्ये जातं, आणि तिथे स्टार्टर असतो. त्यामुळे तुमचाच बोटीचा कार्बोरेटर ठेवा आणि त्याचे आतले भाग बदला. स्टार्टर, अल्टरनेटर, डिस्ट्रिब्युटर हेही ठिणगी बाहेर न येणारे, बोटीसाठीचेच हवेत. घशावरचा फ्लेम अरेस्टर, म्हणजे उलटी आलेली ज्वाला अडवणारी जाळी, तर कोणत्याही कारणाने काढायचा नाही.

जेटचा हिशेब तसा सोपा आहे. ई-८५ ला दीडपट वजनाचं इंधन हवं, पण ते पेट्रोलपेक्षा जरा जड असल्याने त्याच भोकातून वजनाने थोडं जास्त जातं. म्हणून जेटचं क्षेत्रफळ सुमारे ४५ टक्क्यांनी वाढवायचं, म्हणजे व्यास सुमारे २१ टक्क्यांनी. पेट्रोलचा मेन जेट १.४० मिलिमीटरचा असेल तर ई-८५ साठी १.७० पासून सुरुवात करा. शुद्ध इथेनॉलला व्यास २५-२६ टक्क्यांनी वाढतो, म्हणजे १.७५ च्या जरा वर, आणि त्यात चार-पाच टक्के पाणी असेल तर १.८० धरा. ही सुरुवात आहे, शेवटचा आकडा बोट पाण्यात चालवूनच ठरतो. काही कार्बोरेटरांत जेटवरचा क्रमांक म्हणजे व्यास असतो, काहींत तो निव्वळ क्रमांक असतो. कंपनीचा तक्ता बघून व्यास काढा. आणि जेट ड्रिल मारून मोठे करू नका. भोकाच्या कडेला राहिलेली बारीक कुसळ प्रवाह इतका बदलते की दोन जेट एकसारखे होत नाहीत.

मेन जेटवर सगळ्यांचं लक्ष असतं. त्रास मात्र आयडल सर्किटमध्ये होतो. आयडलचं इंधन वेगळ्या बारीक वाटेने येतं आणि मिक्श्चरचा स्क्रू पूर्ण उघडला तरी त्या वाटेपेक्षा जास्त इंधन देऊ शकत नाही. मोटारीत आयडल थोडं ओबडधोबड असलं तर सिग्नलला थरथर जाणवते, एवढंच. बोटीला ब्रेक नसतो, धक्क्याला लावताना रिव्हर्स हाच ब्रेक. न्यूट्रलमधून रिव्हर्समध्ये टाकताना पंख्याचा भार अचानक येतो, आरपीएम दीडशे-दोनशेने पडतात, आणि आयडल लीन (इंधन कमी, हवा जास्त; उलट असेल तर रिच) असेल तर इंजिन नेमकं तेव्हाच बंद पडतं. म्हणून आयडल फीडची वाटही त्याच हिशेबाने मोठी करा, एअर ब्लीड, म्हणजे त्या वाटेत हवा मिसळणारं बारीक भोक, तपासा, आणि गिअर पुढे-मागे वारंवार टाकून इंजिन एकदाही बसत नाही याची खात्री होईपर्यंत बोट दोरांनीच बांधून ठेवा.

ॲक्सिलरेटर पंपाचंही तसंच. इथेनॉल थंड मॅनिफोल्डमध्ये चटकन वाफ होत नाही, त्यामुळे अचानक थ्रॉटल उघडल्यावर पिचकारी किमान दीडपट हवी. अपुरी असेल तर थ्रॉटल देताच भक् असा आवाज होतो, इंजिन क्षणभर दम टाकतं आणि मग उचलतं. तो भक् म्हणजे मिश्रण घशातून उलटं पेटलेलं असतं. जास्त भाराला जादा इंधन देणाऱ्या पॉवर व्हॉल्व्हच्या मागची वाट मोठी करायला विसरू नका, नाहीतर मधल्या वेगाला सगळं छान दिसेल आणि पूर्ण थ्रॉटलवर इंजिन लीन चालेल. नीडल-सीट एक माप मोठी घ्या. फ्लोट जड इंधनात किंचित वर तरंगतो, तेवढी पातळी सारखी करून घ्या.

कार्बोरेटरच्या धातूकडेही बघा. जस्ताच्या मिश्रधातूचं ओतीव शरीर इथेनॉलमधल्या पाण्याने पांढरं पडून किडतं. ब्राझीलमध्ये १९७५ मध्ये सरकारने प्रोआल्कूल नावाचा इथेनॉल कार्यक्रम सुरू केला आणि १९७९ मध्ये फक्त इथेनॉलवर चालणारी फियाट १४७ बाजारात आली. तिथल्या कारखान्यांनी गंज टाळायला कार्बोरेटरला निकेलचा मुलामा दिला, कॉम्प्रेशन वाढवलं आणि थंडीत सुरू करण्यासाठी पेट्रोलची वेगळी छोटी टाकी दिली. पुढे २००४ मध्ये तिथेच इपानेमा हे शेतावर फवारणी करणारं विमान इथेनॉलसाठी प्रमाणित झालं. म्हणजे हे इंधन गंभीर कामाला चालतं यात शंका नाही, पण त्या लोकांनी इंधन बदललं तेव्हा वाटेतला प्रत्येक भाग बदलला.

थंडीची गोष्ट निघालीच आहे तर बोटीतली खास अडचण सांगतो. खाऱ्या पाण्यावर थेट थंड होणाऱ्या इंजिनात मीठ साचू नये म्हणून साधारण ६० अंशांचाच थर्मोस्टॅट असतो. पेट्रोलला ते चालतं. इथेनॉल ७८ अंशांना उकळतं, त्याला वाफ व्हायला जास्त उष्णता लागते, आणि इंजिन कायम अर्धवट गार. मग न पेटलेलं इंधन सिलिंडरच्या भिंतीवरचं तेल धुऊन खाली तेलाच्या चेंबरमध्ये जातं, पाणीही जमतं, आणि तेलाच्या झाकणाखाली पिवळट फेस दिसू लागतो. इंजिनाला हीट एक्स्चेंजर असेल, म्हणजे आत गोडं पाणी फिरत असेल, तर ७१ किंवा शक्य असल्यास ८० अंशांचा थर्मोस्टॅट टाका. थेट खाऱ्या पाण्यावरचं इंजिन असेल तर एक्स्चेंजर बसवल्याशिवाय शुद्ध इथेनॉलकडे जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. कार्बोरेटरखालून जाणारी गरम एक्झॉस्टची वाट काही जण ताकद वाढवायला बंद करतात, ती उघडीच ठेवा. पाण्यावरची हवा दमट असते, घशातलं तापमान इथेनॉलने झपाट्याने उतरतं, आणि त्या दमट हवेचा बर्फ थ्रॉटलच्या पाकळीवर चढू शकतो. आयडल हळूहळू खाली येत इंजिन बंद पडलं आणि पाच-दहा मिनिटांनी काही न करता पुन्हा व्यवस्थित सुरू झालं, तर आधी याचाच संशय घ्या. तेल पेट्रोलच्या निम्म्या तासांवर बदला.

हवा १५ अंशांच्या खाली गेली की शुद्ध इथेनॉलवर थंड इंजिन सुरू होणं अवघड होतं, कारण पेटण्याजोगी वाफच तयार होत नाही. घशात थोडं पेट्रोल मारणारा हाताचा प्रायमर हा उपाय आहे, पण तो पक्क्या नळीने जोडलेला, फ्लेम अरेस्टर जागेवर असताना वापरता येणारा हवा. बाटलीतून घशात पेट्रोल ओतणं, हे धक्क्यावर बऱ्याचदा दिसतं, ते करू नका.

टायमिंग आणि कॉम्प्रेशनबद्दल फार लिहीत नाही. बोटीच्या इंजिनांचं कॉम्प्रेशन साधारण साडेआठ ते साडेनऊ असतं आणि इथेनॉल अकरा-बाराही सोसतं. वाढवलं तर वाया जाणारी ऊर्जा थोडी परत मिळते, पण पेट्रोलकडे परतीची वाट बंद होते. पहिल्या वर्षी तरी हेड उघडू नका. टायमिंग दोन-तीन अंश पुढे घेऊन पाहा, पूर्ण थ्रॉटलवर आरपीएम वाढले तर ठेवा, नाहीतर मागे घ्या. एवढं मात्र ध्यानात ठेवा की इथेनॉल नॉकिंग टाळतं, पण तापलेल्या टोकापासून ठिणगीआधीच पेटण्याची त्याची सवय पेट्रोलपेक्षा वाईट आहे, आणि बोटीत प्लगला गार व्हायला उसंत नसते. प्लग एक पायरी थंड घ्या.

ट्यूनिंग भाराखालीच होतं, धक्क्यावर फक्त आयडल. दोन माणसं हवीत, एक सुकाणूवर आणि एक मीटरवर. वाइडबँड लॅम्डा सेन्सर लावायचा तर एक्झॉस्टमध्ये पाणी मिसळतं त्याच्या बऱ्याच आधी, रायझरच्या, म्हणजे एक्झॉस्टच्या वर चढणाऱ्या नळीच्या, कोरड्या भागात लावा, आणि काम झालं की काढून भोक बंद करा. आयडलला पाण्याची वाफ उलटी येते आणि सेन्सर मारते. मीटर हवा-इंधन प्रमाणावर न ठेवता लॅम्डावर (प्रत्यक्ष जाणारी हवा भागिले ते इंधन पूर्ण जाळायला लागणारी हवा) ठेवा, म्हणजे इंधन कोणतंही असो, आकड्याचा अर्थ एकच राहतो. पूर्ण थ्रॉटलवर ०.८५ ते ०.८८, नेहमीच्या प्रवासी वेगाला ०.९५ च्या आसपास मला योग्य वाटतं. सुरुवात नेहमी रिच बाजूने करा. प्लगच्या रंगावरून अंदाज बांधायची जुनी सवय इथे कामाची नाही, इथेनॉल प्लगवर जवळजवळ रंगच ठेवत नाही, लीन असलं तरी आणि बरोबर असलं तरी.

जेट एकदा ठरले की कार्बोरेटर त्यांनाच धरून बसतो. इंधन बदललं हे त्याला कळत नाही. आणि ई-८५ नावाच्या इंधनात प्रत्यक्षात ८५ टक्के असतंच असं नाही. अमेरिकेतल्या मानकात ऋतूनुसार ५१ ते ८३ टक्क्यांपर्यंत काहीही चालतं. म्हणून प्रत्येक नव्या साठ्याची चाचणी करा. खुणा असलेल्या काचेच्या नळीत ५० मिलिलिटर इंधन आणि ५० मिलिलिटर पाणी घ्या, झाकण लावून हलवा आणि दहा मिनिटं उभं ठेवा. इथेनॉल पाण्यासोबत खाली जातं, पेट्रोल वर तरंगतं. वरचा थर साडेसात मिलिलिटरच्या आसपास असेल तर इंधन ई-८५ आहे. तो पंधरा भरला तर इथेनॉल ७० टक्केच आहे, आणि तुमचे जेट त्याला रिच पडतील. शुद्ध इथेनॉलसाठी अल्कोहोलचा हायड्रोमीटर वापरा. मिथेनॉल मिसळलेलं औद्योगिक स्पिरिट इंधन म्हणून भरू नका, ते ॲल्युमिनियमवर कितीतरी जास्त चढाई करतं.

पाणी असलेलं इथेनॉल आणि टाकीत उरलेलं पेट्रोल यांची गाठ घालू नका. पेट्रोल जास्त आणि असं इथेनॉल कमी, अशा मिश्रणात दोन थर पडतात, पाणी-इथेनॉलचा थर खाली जातो, आणि इंधन उचलणारी नळी खालीच असते. बदलाच्या दिवशी टाकी पूर्ण रिकामी हवी.

अंतराचा हिशेब कागदावर करून बोटीत चिकटवून ठेवा. समजा टाकी १५० लिटरची आहे आणि पेट्रोलवर तासाला ४० लिटर जात होतं. एक तृतीयांश जायला, एक तृतीयांश यायला, एक तृतीयांश राखीव, या नियमाने ५० लिटरमध्ये ७५ मिनिटं दूर जाता येत होतं. ई-८५ वर तासाला ५५-५६ लिटर जाईल आणि तीच वेळ ५४ मिनिटांवर येईल. इंधनमापकाचा काटा पूर्वीसारखाच दिसतो, त्यामुळे सवयीने फसायला होतं.

आगीबद्दल. शुद्ध इथेनॉलची ज्वाला भर उन्हात जवळजवळ दिसत नाही. हवा थरथरताना दिसली किंवा रंग फुगायला लागला तर आग आहे असं समजा. साधा फोम इथेनॉलवर मोडून जातो, अल्कोहोलला टिकणारा फोम वेगळा असतो. ड्राय पावडर आणि कार्बन डायऑक्साइड चालतात. शुद्ध इथेनॉलचा वास पेट्रोलएवढा तीव्र नसतो, त्यामुळे नाकावर विसंबू नका. स्टार्टर मारण्याआधी बिल्जचा ब्लोअर किमान चार मिनिटं चालवा आणि वाफ ओळखणारा सेन्सर इथेनॉलसाठी चालणारा आहे का ते त्याच्या माहितीपत्रकात बघा. पेट्रोल इंजिनांचे बरेच उत्पादक दहा टक्क्यांपुढच्या मिश्रणाला वॉरंटी देत नाहीत, आणि विम्याचं कागदपत्रही इंधनाच्या प्रकारावर लिहिलेलं असू शकतं. बदल करण्याआधी विमा कंपनीला लेखी कळवा.

काढलेले पेट्रोलचे जेट, पॉवर व्हॉल्व्ह, प्लग आणि एक नवा गॅस्केट संच, जेट काढायच्या योग्य मापाच्या स्क्रूड्रायव्हरसह, नाव लिहिलेल्या डब्यात बोटीतच ठेवा. इथेनॉलच्या जेटवर पेट्रोल भरलं तर इंजिन काळा धूर ओकत प्लग भिजवून बसेल. पेट्रोलच्या जेटवर ई-८५ भरलं तर ते भार घेणारच नाही. दूरच्या धक्क्यावर फक्त पेट्रोल मिळालं तर टाकी रिकामी करून, टायमिंग जुन्या खुणेवर आणून, हा डबा उघडून परत येता येतं. कॉम्प्रेशन वाढवलेलं असेल तर तेही नाही, मग इथेनॉलचा राखीव साठा बंद कॅनमध्ये, खणाच्या बाहेर, हवेशीर जागी बांधूनच निघा.